चिनी शाईचित्रांतील बांबू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाईचा बांबू म्हणजे नेमका कोणता चित्रप्रकार?

केवळ काळी शाई आणि पाणी वापरून, कुंचल्याच्या थेट फटकाऱ्यांनी रेशमावर किंवा कागदावर काढलेला बांबू, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. आधी बाह्यरेषा आखायची आणि मग आत रंग भरायचा, ही पद्धत चीनमध्ये याहून जुनी आहे आणि ती पुढेही चालू राहिली. शाईच्या बांबूत मात्र बाह्यरेषाच नसते. कुंचला टेकवून एकदा ओढला की त्या एका फटकाऱ्यातच कांड्याची जाडी, गोलाई आणि उजेड-सावली उतरावी लागते. उत्तर सुंग राजवटीत हा प्रकार इतका रुजला की सम्राट हुईझुंगच्या दरबारी इ. स. ११२० च्या सुमारास सिद्ध झालेल्या चित्रसंग्रहाच्या सूचीत निसर्गचित्रे, फुले-पक्षी वगैरे विभागांच्या बरोबरीने शाईच्या बांबूसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. एकाच वनस्पतीला असा मान मिळाल्याचे उदाहरण चित्रकलेच्या इतिहासात विरळाच आहे.

इतक्या झाडांमधून बांबूच का निवडला गेला?

चिनी विद्वानांच्या मनात बांबूला चित्रकलेच्या आधीपासूनच जागा होती. चौथ्या शतकातील वांग हुईझी याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, तात्पुरत्या मुक्कामाच्या घरीही त्याने बांबू लावून घेतला आणि ‘या गृहस्थाशिवाय एक दिवस तरी कसा काढावा?’ असे उत्तर दिले. थांग काळातील (सातवे ते दहावे शतक) कवी बाई ज्यूयी याने बांबू जोपासण्यावर एक छोटा लेख लिहिला असून त्यात पक्के मूळ, सरळ अंग, पोकळ गाभा आणि ठाम गाठी या चार गुणांची सांगड सज्जन माणसाच्या चार गुणांशी घातली आहे. पोकळ गाभा म्हणजे अहंकाररहित मन आणि गाठ म्हणजे तत्त्वनिष्ठा, हा संकेत त्यानंतर सर्वत्र गृहीत धरला गेला. कडाक्याच्या थंडीतही हिरवा राहणारा म्हणून पाइन आणि प्लम यांच्यासह तो ‘हिवाळ्यातील तीन मित्रां’त मोडतो, ऑर्किड, प्लम आणि शेवंती यांच्यासह ‘चार सज्जनां’त गणला जातो.

हे सारे खरे असले तरी माझ्या मते दुसरे कारण अधिक निर्णायक आहे. चीनमधील प्रत्येक सुशिक्षित माणूस लहानपणापासून कुंचल्यानेच लिहीत असे, आणि बांबूचा आकार कुंचल्याच्या स्वाभाविक हालचालीशी जितका जुळतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या झाडाचा जुळत असेल. दाब देऊन उचललेला कुंचला आपोआप पानाचा आकार सोडतो, आणि सरळ ओढलेल्या जाड फटकाऱ्याचे कांडे होते. त्यामुळे ज्याने रंगकाम कधी केलेले नाही, अशा अधिकाऱ्याला किंवा कवीलाही या चित्रप्रकारात शिरता आले.

ही परंपरा कोणी सुरू केली?

एका आख्यायिकेनुसार दहाव्या शतकातील ली आडनावाच्या एका स्त्रीने चांदण्या रात्री खिडकीच्या कागदावर हलणाऱ्या बांबूच्या सावल्या शाईने गिरवल्या आणि त्यातून हा प्रकार जन्माला आला. ही कथा फार पुढच्या काळातील ग्रंथांतून आलेली असल्यामुळे तिला पुरावा मानता येत नाही. मात्र सावलीला रंग नसतो आणि पानांची मांडणी सावलीत सर्वांत स्पष्ट दिसते, ही चित्रकारांची जाण त्या कथेत जपलेली आहे.

परंपरेचा खरा आधारस्तंभ वन थोंग (१०१८–१०७९) हा होय. तो व्यवसायाने प्रशासकीय अधिकारी होता आणि बांबूंनी भरलेल्या दरीसाठी प्रसिद्ध असलेल्या यांगझोऊ या डोंगराळ प्रदेशातही त्याने कारभार पाहिला होता. पानाची वरची बाजू गडद शाईने आणि मागची बाजू फिकट शाईने दाखवण्याची पद्धत त्याच्यापासून सुरू झाली, असे त्याच्याच काळात वावरलेल्या ‘मी फू’ नावाच्या चित्रकाराने नोंदवून ठेवले आहे. वन थोंगची शेवटची नेमणूक हूझोऊ येथे झाली, पण तिथे पोहोचण्यापूर्वीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. तरीही त्याच्या परंपरेला ‘हूझोऊ घराणे’ हेच नाव पडले.

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात त्याचे रेशमावरील एक मोठे उभे चित्र आहे. त्यातील बांबू खालून वर वाढताना दिसत नाही. तो चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून आत शिरतो, बाक घेत खाली झुकतो आणि टोकाशी पुन्हा वर वळतो. अशी वाकडी वाढ ही चित्रकाराची लहर नव्हती. वन थोंगने काढलेल्या अशाच एका वाकड्या बांबूविषयी त्याचा मित्र सू शी याने लिहून ठेवले आहे की, लिंगयांग येथील अधिकारी-निवासाच्या उत्तरेकडील कड्यावर ते बांबू उगवले होते. त्यांतील एकाला कोंबावरचे आवरण गळण्यापूर्वीच किडीने पोखरले होते आणि दुसरा कपारीत अडकून वाढला होता. अडचणीत सापडूनही वाढत राहिलेल्या झाडाची कहाणी त्यात वाचली जाते, हे खरेच. पण त्याआधी तिथे किडीपर्यंत लक्ष पुरवणारी नजर आहे.

‘मनात आधी संपूर्ण बांबू हवा’ या वचनाचा अर्थ काय?

हे वचन सू शीच्या (१०३७–११०१) एका लेखातून आले आहे. त्या लेखाची पार्श्वभूमी हृदयस्पर्शी आहे. वन थोंग १०७९ च्या आरंभी वारला. त्याच वर्षी सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी सू शी हूझोऊ येथे आपली पुस्तके आणि चित्रे उन्हात वाळवत असताना मित्राने दिलेले बांबूचे चित्र त्याच्या हाती आले, आणि ते बाजूला ठेवून तो मोठ्याने रडला. वन थोंगला मृत्यूमुळे जिथला कारभार पाहता आला नाही, त्याच हूझोऊचा कारभार तेव्हा सू शीकडे होता. त्यानंतर काही आठवड्यांतच राजद्रोही कविता लिहिल्याच्या आरोपाखाली सू शीला तिथेच अटक झाली.

लेखाचा आरंभ वनस्पतीच्या निरीक्षणाने होतो. बांबूचा कोंब बोटभर असतो तेव्हाच त्यात सर्व गाठी आणि पाने असतात, असे सू शी सांगतो. गाठींपुरते हे विधान वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवरही टिकते. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पुरी जाडी घेऊनच. गाठी आत आधीच तयार असतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत दोन गाठींमधील कांडी तेवढी लांब होतात. वर्षानुवर्षे जाड होत जाणे हा बांबूचा धर्मच नाही. मग चित्रकार एकेक गाठ आणि एकेक पान जोडत बसले तर त्यातून बांबू कसा होणार, असा सू शीचा सवाल आहे. म्हणून आधी मनात संपूर्ण बांबू उभा राहिला पाहिजे, आणि तो दिसताच ससाणा सशावर झेपावतो त्या वेगाने तो उतरवला पाहिजे, असे तो वन थोंगच्या शिकवणीच्या आधारे लिहितो.

बहुतेक ठिकाणी हे वचन इथेच सोडून दिले जाते आणि त्यातून ‘डोळे मिटा, प्रेरणा आली की हात आपोआप चालेल’ असा भलताच अर्थ पसरतो. सू शीचे पुढचे वाक्य मात्र याच्या अगदी उलट आहे. हे तत्त्व मला मनाने कळते, पण हाताने जमत नाही. मन आणि हात एक होत नाहीत, आणि हा न शिकल्याचा दोष आहे, असे तो स्पष्टपणे म्हणतो. माझ्या दृष्टीने त्या लेखाचा गाभा या वाक्यात आहे.

हाच धागा पुढे युआन काळात ली कान (१२४५–१३२०) याने पकडला. त्याने बांबूवर सविस्तर ग्रंथ लिहिला; सरकारी कामासाठी आजच्या व्हिएतनामपर्यंत प्रवास घडला तेव्हा तिथल्या जातींचाही अभ्यास केला. बांबू एकेक गाठ जोडून काढायचा नसतो एवढे सगळ्यांना पाठ झाले आहे, पण मनातला तो संपूर्ण बांबू येतो कुठून याचा विचार कोणी करत नाही, अशी त्याची तक्रार आहे. नवशिक्याने गाठीमागून गाठ आणि पानामागून पान घोटावे, नियम पाळावेत, कंटाळू नये. असे करता करता एक दिवस मनात बांबू असल्याची खात्री त्याची त्यालाच पटेल आणि मग नियम आपोआप गळून पडतील, असा त्याचा उपदेश आहे. ज्यांना ही कला शिकायची आहे त्यांनी सू शीच्या आधी ली कान वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बांबू हिरवा असताना तो काळा का काढतात?

या प्रश्नावर सू शीच्या नावाने एक किस्सा सांगितला जातो. त्याने एकदा लाल शाईने बांबू काढला तेव्हा कोणीतरी विचारले की लाल बांबू कुठे असतो, आणि त्याने उलट विचारले की मग काळा तरी कुठे असतो. किस्सा खरा असो वा नसो, मुद्दा योग्य आहे. शाईत पाण्याचे प्रमाण कमी-जास्त करून मिळणाऱ्या छटांना चिनी परंपरा ‘शाईचे पाच रंग’ म्हणते. गडद पान पुढे येते, फिकट पान मागे सरते, आणि अगदी पुसट पानांतून धुके उभे राहते. एवढ्या छटा हाताशी असताना हिरव्या रंगाने नवे काही साधत नाही, अशी त्यामागील धारणा आहे.

बांबूचा दांडा प्रत्यक्षात कसा काढतात?

कुंचल्याच्या पोटात फिकट शाई भरून टोकाला थोडी गडद शाई लावतात. कुंचला कागदावर टेकवताना तो जायच्या दिशेच्या किंचित उलट सरकवतात, त्यामुळे आरंभाचे टोक बोथट आणि भरीव होते. तिथे क्षणभर दाब देऊन कुंचला थोडा हलका करत एका दमात पुढे ओढतात आणि शेवटी पुन्हा दाब देऊन किंचित मागे घेत उचलतात. एक कांडे झाले. त्यानंतर केसभर जागा कोरी सोडून पुढच्या कांड्याला आरंभ होतो. बुंध्याशी कांडी आखूड, मध्यभागी लांब आणि शेंड्याकडे पुन्हा आखूड असतात. कुंचला कोरडा पडत गेला तर फटकाऱ्याच्या मधोमध कागद पांढरा झळकतो. ही पांढरी पट्टी दोष मानली जात नाही, उलट तिच्यामुळे दांड्याची गोलाई दिसते.

या सोडलेल्या कोऱ्या फटीत दांडा पुरता वाळण्याआधी गडद शाईची छोटी, दोन्ही टोकांना आकडी असलेली रेघ देतात, तीच गाठ. शाई तुटलेली असली तरी मधली ओढ तुटता कामा नये, असा दंडक आहे. म्हणून हात एका कांड्यावरून दुसऱ्यावर जाताना थांबत नाही. कुंचला हवेत असतानाही तीच चाल चालू ठेवतो. चित्र पाहताना नजर या फटींवर ठेवावी, कारण दांडा जिवंत आहे की नुसते तुकडे एकावर एक रचले आहेत हे तिथेच कळते.

पाने काढण्याचे नियम कोणते?

पान हे दाबून-उचलून काढलेल्या एकाच फटकाऱ्याचे असते. मुलाबाळांनाही जमेल असे ते वाटते, आणि प्रत्यक्षात चित्रे बिघडतात ती इथेच. ली कानने वर्ज्य गोष्टींची यादीच दिली आहे. जाड पान पीचच्या पानासारखे होऊ नये आणि बारीक पान विलोच्या पानासारखे होऊ नये. एकटे पान सुटे पडू नये, दोन पाने शेजारी समांतर उभी राहू नयेत, तीन पानांचा काटा होऊ नये, चार पानांची एकमेकांना छेदणारी चौकट होऊ नये, आणि पाच पाने हाताच्या बोटांसारखी किंवा चतुरासारखी पसरू नयेत.

हवामान पानांच्या दिशेवरून ओळखायचे असते. स्वच्छ हवेत पाने वर उचललेली असतात, पावसात भिजून खाली लोंबतात, वाऱ्यात सगळी एका बाजूला ओढली जातात. बर्फ दाखवण्यासाठी मात्र काहीच काढत नाहीत. पानाची वरची कड कोरी सोडून भोवतालचा भाग फिकट शाईने भरतात.

या चित्रकलेचा हस्ताक्षरकलेशी इतका संबंध का जोडतात?

चीनमध्ये बांबू ‘काढला’ असे न म्हणता अनेकदा ‘लिहिला’ असे म्हणतात. युआन काळातील झाओ मंगफू (१२५४–१३२२) याने खडक आणि झाडे दाखवणाऱ्या आपल्या एका चित्रावर कवितेत लिहिले आहे की, खडक कोरड्या, पांढऱ्या रेषा सोडणाऱ्या लेखनशैलीसारखे काढावेत, झाडे प्राचीन मुद्रालिपीसारखी, आणि बांबू लिहायचा तर अक्षरांच्या फटकाऱ्यांचे नियम जाणावेत. हे ज्याला कळले त्याला चित्र आणि अक्षर मुळात एकच असल्याचे कळेल. हे चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यानंतरच्या पिढीतील खे ज्यूस याने तर दांडे मुद्रालिपीच्या, फांद्या भरभर लिहिल्या जाणाऱ्या वाहत्या लिपीच्या आणि पाने आणखी एका जुन्या लिपीच्या फटकाऱ्यांनी काढावीत, अशी विभागणीच करून दिली.

साहित्य कोणते लागते, आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते का?

कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड या चार वस्तू लागतात. पाइनचे लाकूड किंवा तेल जाळून मिळालेली काजळी प्राण्यांच्या सरसात मळून शाईची घट्ट वडी करतात, आणि सहाणेवर चंदन उगाळावे तशी ती दगडावर पाण्याने उगाळतात. कागदांत आनहुई प्रांतातील जिंग परगण्याचा श्वान कागद सर्वोत्तम मानला जातो. तो छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनवतात. त्याची हातकारागिरी २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

खळ न दिलेला श्वान कागद शाई तत्काळ शोषतो. त्यामुळे फटकारा पुसता येत नाही, वरून दुसरा फटकारा दिला तर तोही स्पष्ट दिसतो, आणि हात अडखळला तर तिथे शाईचा डाग पसरतो. दुरुस्ती नाहीच, नवा कागद घ्यावा लागतो.

या परंपरेत स्त्रिया होत्या का?

होत्या, आणि त्यांतील गुआन दाओशंग (१२६२–१३१९) हिचे नाव कोणत्याही यादीत पहिल्या काही जणांत यावे इतके मोठे आहे. झाओ मंगफू तिचा पती होता, आणि अनेक पुस्तकांत तिची ओळख तेवढ्यावरच संपते, याचा मला मनापासून खेद वाटतो. १३०८ साली तिने काढलेली, धुके आणि पावसातील बांबूवनाची आडवी गुंडाळी तैपेईच्या संग्रहालयात आहे. त्यापूर्वीचे चित्रकार बहुधा एखादी फांदी किंवा दोन-चार दांडे अगदी जवळून दाखवत. हिने बांबू दूर नेला, पाण्याच्या काठावर उभा केला आणि धुक्यात विरघळू दिला. बांबूचे चित्र आणि निसर्गचित्र यांची गाठ तिने घातली. सम्राट रनझुंगने तिची, तिच्या पतीची आणि मुलाची हस्ताक्षरे एकत्र जतन करण्याची आज्ञा दिली होती.

बांबू खऱ्यासारखा दिसला नाही तरी चालतो का?

याबाबत परंपरेतच मतभेद आहेत. नी झान (१३०१–१३७४) याने आपल्या एका चित्रावर लिहिले की, माझा बांबू केवळ माझ्या मनातील मोकळेपणा व्यक्त करतो. तो हुबेहूब आहे की नाही, पाने दाट आहेत की विरळ, याची मोजदाद मी कशाला करू, पाहणाऱ्याला ते ताग किंवा लव्हाळे वाटले तरी मी काय करणार. याउलट त्याच युआन काळात वू झन (१२८०–१३५४) याने १३५० साली आपल्या मुलाला शिकवण्यासाठी बांबूच्या चित्रांची चोपडीच तयार केली. मला वू झनचा मार्ग जवळचा वाटतो. नी झानचे उद्गार नवशिक्यांनी ढालीसारखे वापरू नयेत, कारण त्याला झाडे काढता येत होती.

झंग बानच्याओचे नाव वारंवार का येते?

झंग बानच्याओ (१६९३–१७६५) हा छिंग काळातील चित्रकार बांबूच्या चित्रांसाठी चीनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. तो शानतुंगमधील वैश्यान येथे दंडाधिकारी असताना त्या भागात दुष्काळ पडला होता. कचेरीत पडल्या पडल्या ऐकू येणारी बांबूची सळसळ मला लोकांच्या हालअपेष्टांचा आवाज वाटते, अशा आशयाची कविता त्याने तिथे बांबूच्या चित्रावर लिहून वरिष्ठाला भेट दिली. पुढे नोकरी सोडून तो यांगझोऊ शहरात (वन थोंगच्या डोंगराळ यांगझोऊहून हे वेगळे) चित्रे विकून राहू लागला आणि १७५९ साली त्याने आपल्या चित्रांचे दर उघडपणे लिहून लावले : मोठ्या चित्राला सहा ताएल (वजनाचे चिनी माप) चांदी, मध्यमाला चार, लहानाला दोन. भेटवस्तूंपेक्षा रोख चांदी बरी, असेही त्यात नमूद होते.

कलाविचारात त्याचे योगदान याहून महत्त्वाचे आहे. पहाटेच्या धुक्यात डोळ्यांना दिसलेला बांबू, मनात उमटलेला बांबू आणि हातून कागदावर उतरलेला बांबू हे तिन्ही वेगळे असतात, असे त्याने लिहिले. वन थोंगच्या मनात आधी संपूर्ण बांबू असे, माझ्या मनात तो नसतो, असेही तो म्हणतो. हा वन थोंगला विरोध वाटला तरी तो चाळीस वर्षे दिवसा बांबू काढणाऱ्या आणि रात्री त्याचाच विचार करणाऱ्या माणसाचा विरोध आहे. ज्याचा हात इतका मुरला आहे, त्यालाच मनातील आराखडा बाजूला ठेवणे परवडते.

चित्रावर इतके लाल शिक्के आणि मजकूर का असतो?

चित्रकाराच्या शिक्क्याखेरीज नंतरच्या मालकांनी आणि रसिकांनीही आपापले शिक्के उमटवले, कविता लिहिल्या. चित्र कोणाकोणाच्या हातून गेले याचा तो दाखलाच असतो.

आपल्याकडील बांबू पाहून हे शिकता येईल का?

येईल, पण एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. चिनी चित्रांत प्रामुख्याने दिसणारा बांबू फिलोस्टॅकिस या गटातील आहे. त्याची मुळे जमिनीखाली दूरवर पसरत जातात, त्यामुळे दांडे सुटे सुटे उभे राहतात, आणि त्याच्या प्रत्येक गाठीवर साधारणपणे दोनच फांद्या फुटतात. विदर्भातील मानवेल, काटेरी कळक किंवा सिंधुदुर्गातील माणगा हे सारे बेटाने वाढणारे बांबू आहेत. त्यांच्या बेटात दांडे एकमेकांना खेटून असतात आणि एकेका गाठीवर अनेक फांद्या येतात. चिनी नमुना समोर ठेवून कळकाच्या बेटापुढे बसणारा विद्यार्थी म्हणूनच गोंधळतो. बेटाच्या कडेचा एखादा दांडा निवडावा, कोंब पावसाळ्यात पाहावेत, आणि पानांचे झुकणे सरीनंतर लगेच न्याहाळावे. एवढे मात्र इथेही तितकेच उपयोगी पडते. फिलोस्टॅकिस भारतातच पाहायचा असेल तर अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक तो पूर्वापार लावत आले आहेत.

मूळ चित्रे कुठे पाहता येतील?

वन थोंग, गुआन दाओशंग आणि वू झन यांच्यासाठी तैपेई गाठावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील ली कानची १३१८ सालची चित्रजोडी आणि कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयातील त्याचीच गुंडाळी तुलनेने जवळ पडेल. रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात, त्यामुळे ही चित्रे थोडेच दिवस मांडून पुन्हा दीर्घकाळ बंद ठेवली जातात. प्रवास ठरवण्याआधी ते विशिष्ट चित्र सध्या दालनात आहे का, याची संग्रहालयाकडे चौकशी करावी. तोवर मेट्रोपॉलिटन आणि तैपेई या दोन्ही संग्रहालयांनी आपल्या संकेतस्थळांवर ठेवलेल्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा पाहाव्यात. त्या इतक्या मोठ्या करता येतात की कांड्यांमधील कोऱ्या फटीत गाठीची रेघ कुठे टेकली आणि कुठे उचलली हेही दिसते.